तिसऱ्या बेसवरचा अडथळा

सॉफ्टबॉलच्या पंचांची शिबिरं भरतात, तिथे अधूनमधून मला शिकवायला बोलावतात. दुपारच्या चहानंतर कुणीतरी हमखास विचारतं, "सर, अडथळा नेमका कधी द्यायचा? थोडंफार अंगाला अंग लागतंच की."

मी त्यांना नियम सांगतो. नियम अवघड नाही. ज्याच्या हातात चेंडू नाही आणि जो मारलेला चेंडू अडवायच्या कामात नाही, अशा खेळाडूने बेसकडे पळणाऱ्याची वाट अडवली तर तो अडथळा. धडक बसायलाच हवी असं नाही. पळणाऱ्याला वळसा घ्यावा लागला, नुसता पाय अडखळला, तरी पुरे. पंचाने त्याच क्षणी डावा हात खांद्याच्या रेषेत आडवा पसरायचा आणि तसाच धरून ठेवायचा. खेळ थांबवायचा नाही. तो आपोआप थांबला की मग ठरवायचं, अडथळा नसता तर हा कुठवर पोचला असता, आणि तेवढे बेस त्याला द्यायचे.

एवढं सांगून मी फळ्याकडे वळतो. पुढचं मी कुठल्याच शिबिरात सांगितलेलं नाही.

मी जळगावजवळच्या असोद्याचा. आमची केळीची बाग होती, थोडा कापूस होता. कॉलेजला मी सायकलने जळगावला जायचो. साठच्या दशकाच्या शेवटी आमचे क्रीडाशिक्षक कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना एक चेंडू, दोन बॅटी आणि चार हातमोजे घेऊन आले. बेस म्हणून आम्ही गोणपाटाच्या पिशव्यांत सरकी भरली. मैदानाच्या चार कोपऱ्यांत त्या मांडायच्या, होमपासून पळायला सुरुवात करून पहिला, दुसरा, तिसरा बेस गाठायचा आणि परत होमला यायचं, की एक रन. सरांनी हे सगळं एका संध्याकाळी समजावलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही खेळायला लागलो.

आम्ही म्हणजे सगळे कबड्डीवाले. जळगाव, असोदा, भादली, जिथून तिथून आलेली पोरं, प्रत्येकाच्या गुडघ्यांना मातीचे जुने डाग. आमच्या अंगात एकच विद्या भिनलेली होती, समोरून येणाऱ्याला पुढे जाऊ द्यायचं नाही. कबड्डीत त्यालाच खेळ म्हणतात. चढाई करणारा परत निघाला की त्याच्या मांडीत शिरायचं, घोटा धरायचा, आडवा पाडायचा. गावात सामना असला की म्हातारी माणसं धोतर सावरत येत आणि चांगल्या पकडीला मान डोलावत. तीच माणसं सॉफ्टबॉल बघायला आली तेव्हा त्यांना बॅटीचा फटका फारसा कळला नाही, पण आमच्यातल्या एकाने पळत येणाऱ्याला छातीने आडवा केला, तेव्हा सगळ्या कुंपणाने टाळ्या वाजवल्या.

सरांनीही ते थांबवलं नाही. त्यांचाही जन्म कबड्डीतच गेलेला. अंगाने भरलेली पोरं त्यांनी मुद्दाम तिसऱ्या बेसवर आणि होमला उभी केली. त्याला आम्ही 'दार लावणं' म्हणायचो. कुणी आत शिरला की सर ओरडत, "दार कुणी उघडं टाकलं?" आणि पुढच्या खेळीला त्या पोराच्या पाठीत बुक्की बसे. आम्हाला त्यात गैर काही वाटत नव्हतं. घरी वडील मारत, शाळेत मास्तर मारत, मैदानावर सर मारत.

मी तिसऱ्या बेसवर खेळायचो. माझ्या धडकेने पारोळ्याच्या एका पोराची फासळी मोडली होती. त्या रात्री मी घरी येऊन पोटभर जेवलो होतो, हे मला आठवतं.

माझा चुलतभाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान. मला तो भाऊ म्हणायचा. मॅट्रिकला दोनदा नापास झाला, पण अंगाने असा झाला की बघणाऱ्याने बघत राहावं. त्याला पोलीस व्हायचं होतं. धुळ्याला भरती निघेल, तेव्हा उभं राहायचं, असं घरात ठरलेलं होतं. त्याचे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, कुणी विचारलं की आधीच सांगून टाकत, आमचा पोरगा पोलिसात चालला. त्याला शेती नको होती आणि नानांनाही त्याला शेतीत ठेवायचं नव्हतं. त्या शरीरावर सगळ्यांचाच हिशेब होता.

कॉलेज संपल्यावर मला शाळेत नोकरी लागली. तोवर आमचा संघ कॉलेजपुरता राहिला नव्हता, त्यात तिसऱ्या बेसवरची माझी जागा मी त्याला दिली, आणि दार लावणं त्याला मीच शिकवलं.

आमच्या बागेत पाटाच्या कडेने एक अरुंद पायवाट होती. दोन्ही बाजूंना केळी, मधून एकच माणूस जाईल एवढी जागा. तिथे मी त्याला उभं करायचो आणि पलीकडून पळत येऊन त्याच्यावर आदळायचो. शिकवायचं एवढंच होतं की समोरून येणाऱ्याला बघून डोळे मिटायचे नाहीत, पाय मागे घ्यायचा नाही, डावा गुडघा आत वळवून जमिनीशी ठेवायचा, कंबर वाटेत आणि खांदा खाली. पहिल्या काही दिवसांत तो शेवटच्या क्षणी बाजूला सरकायचा. स्वभावाने तो मारकुटा नव्हताच. सरकला की मी त्याच्या कानाखाली वाजवायचो. एकदा तो तिसऱ्यांदा सरकला तेव्हा मी हातातली बॅट उलटी धरून तिचा दांडा त्याच्या पाठीत घातला. तो पाटाच्या पाण्यात पडला. उठून उभा राहिला, नाकातलं पाणी शिंकरलं आणि म्हणाला, "ये आता."

त्यानंतर तो कधी सरकला नाही.

त्याच वर्षी सरांनी मला पंचाच्या परीक्षेला बसवलं. नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. मी शब्दकोश घेऊन बसलो. अडथळ्याचं कलम वाचलं तेव्हा मला आधी वाटलं, आपलं इंग्रजी चुकतंय. परत वाचलं. मग सरांकडे गेलो. सरांनी ते कलम स्वतः वाचून पाहिलं. म्हणाले, पुस्तकात तसं आहे खरं. फेकलेला चेंडू अगदी हातात येऊन पडायच्या बेतात असेल तर सवलत आहे. पण आपल्याकडे तसं कुणी देत नाही, आणि दिलं तर सामना पुरा होणार नाही.

परीक्षेत मी ते कलम अचूक लिहिलं आणि पास झालो. घरी येऊन चुलतभावाला सांगितलं नाही की मी तुला जे शिकवलं ते नियमाबाहेरचं आहे. सांगावंसं वाटलं नाही असं नाही. आज सांगू, उद्या सांगू असं करत राहिलो. बागेत मी त्याला मारून शिकवलं होतं. आता जाऊन ते चुकीचं होतं असं म्हणायचं कसं, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. त्याच्या भल्याचा नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. धुळ्याला सामने होते आणि शेवटचा सामना जळगाव आणि धुळे यांच्यात आला. पंच दोनच. एक मुख्य पंच, तो होमच्या मागे. दुसरा बेसवरचा, तो नाशिकहून यायचा होता आणि आला नाही. पास झालेला पंच म्हणून मला उभं करायचं ठरलं. धुळेवाल्यांनी हरकत घेतली, की हा असोद्याचा, तिसऱ्या बेसवर याचाच भाऊ उभा आहे. मुख्य पंचाने मला बाजूला घेऊन विचारलं, जमेल ना? मी म्हणालो, जमेल. मला खरंच तसं वाटत होतं.

मैदान मुरुमाचं होतं, कडक. जळगावहून दोन ट्रक भरून माणसं आली होती, धुळ्याची तर होतीच. धुळ्याच्या संघात एक पोरगा होता, सडपातळ, काळा, गिरणीत रात्रपाळी करून खेळायला येणारा. इतका पळणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. बहुतेक सगळे कॅनव्हासच्या बुटांत होते, याच्या पायात कुठूनतरी जुने मिळवलेले खिळ्यांचे बूट होते. तेव्हा मोठ्यांच्या सामन्यात त्याला बंदी नव्हती.

पहिली वेळ सामना सुरू होऊन थोड्याच वेळात आली. हा पोरगा दुसऱ्या बेसवरून निघाला, तिसरा ओलांडून होमकडे वळायचा होता. चेंडू अजून लांब, मैदानाच्या कडेला. माझा चुलतभाऊ बेसच्या आतल्या अंगाला उभा होता, मी शिकवलं होतं तसा, कंबर बाहेर काढून. पोरगा त्याच्या कंबरेवर आदळला, भेलकांडला, हातांवर पडला. उठून पळाला तोवर चेंडू होमला पोचला होता. मुख्य पंचाने त्याला आउट दिलं.

मी चार हातांच्या अंतरावर होतो. मला सगळं दिसलं. चेंडू कुठे होता ते दिसलं, कंबर कशी सरकली ते दिसलं. माझा डावा हात मांडीवरून उचलला गेला आणि पट्ट्यापाशी थांबला. मी पट्टा सारखा केला.

का, याची कारणं मी पुढे पुष्कळ शोधली. तो माझा भाऊ होता. ट्रकमधली माणसं टाळ्या वाजवत होती. पण सगळ्यात खरं कारण सांगायचं तर त्या क्षणी मला ती पकड आवडली. पंचाच्या टोपीखाली माझा जीव कबड्डीवाल्याचाच होता. मनाशी म्हणालो, पुढच्या वेळी देऊ.

पोरगा परत जाताना माझ्याजवळून गेला. त्याचे तळवे सोलवटले होते, मुरुमाचे खडे आत रुतले होते. तो मोठ्याने बोलला नाही. म्हणाला, "पंचभाऊ, तुमले दिसनं नही का? का ती वाट तुमना भाऊनी शे?"

वाट कुणाच्या भावाची नसते, खेळावर लक्ष दे, असं मी त्याला सांगितलं.

दुसरी वेळ मधल्या डावात. तो दुसऱ्यावरून तिसऱ्याकडे झेपावत आला, पोटावर घसरत, हात पुढे. उजवीकडून चेंडू फेकलेला होता, उंच, अजून हवेत. माझ्या भावाने चेंडू यायच्या आधीच गुडघा बेसपुढे टेकला. पोरग्याचं तोंड त्या गुडघ्यावर आपटलं. तो आवाज मी नंतर दवाखान्यात हाडं बसवतात तेव्हा ऐकला, दुसरीकडे कुठे नाही. चेंडू आला, भावाने तो त्याच्या पाठीला लावला. पोरगा तोंड धरून उकिडवा बसला. वरचा ओठ मधोमध फाटला होता, एक दात त्याने हातावर घेऊन बघितला आणि खिशात टाकला.

धुळ्याची सगळी पोरं आत धावली. मुख्य पंच आला. त्याने मला सगळ्यांसमोर विचारलं, की चेंडू हातात येण्याच्या बेतात होता का. तेव्हाच्या पुस्तकातलं सवलतीचं कलम तेवढं मला आठवलं. मी हो म्हणालो. पोरग्याने रक्ताने भरलेलं तोंड वर केलं आणि माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, हाताकडे. मग तो उठून गेला.

मी आउट दिलं.

त्यानंतर खेळ बिघडला. धुळ्याच्या चेंडू टाकणाऱ्या पिचरने आमच्या एकाच्या कानशिलावर चेंडू मारला. आमच्या कॅचरने त्यांच्या एकाच्या तोंडात मूठभर मुरूम कोंबला. बायकांच्या बाजूने शिव्या येऊ लागल्या. मुख्य पंच दर थोड्या वेळाने येऊन म्हणे, आटपत आणू, आटपत आणू. मी घामाने भिजलो होतो, आणि माझ्या मनाचा निश्चय झाला होता. आता मात्र हात वर करायचाच. भाऊ असो की बाप. असं ठरवलं तेव्हा मला चक्क बरं वाटलं, मी चांगला माणूस आहे असं वाटलं.

शेवटचा डाव. दोन्हीकडे रन सारखे. धुळ्याचा एक फटका उजवीकडे लांब गेला आणि दुसऱ्यावरून तोच पोरगा निघाला, ओठावर फडकं बांधलेलं. तो तिसऱ्याकडे येत होता आणि आमचा माणूस अजून कुंपणापाशी चेंडू उचलत होता. माझा भाऊ वाटेत आला. अगदी तसाच, डावा गुडघा आत, खांदा खाली, डोळे उघडे.

मी डावा हात आडवा पसरला. वेळेवर पसरला. पुस्तकात असतो तसा, खांद्याच्या रेषेत. पोरगा अजून दोन-तीन ढांगा लांब होता. त्याने नुसतं बाहेरून वळसा घेतला असता तरी रन त्याचाच होता, मी तो दिलाच असता.

पण त्याने माझ्या हाताकडे पाहिलंच नाही. दोनदा पाहून झालं होतं. त्याने उडी घेतली, दोन्ही पाय पुढे, तळवे वर. खिळे माझ्या भावाच्या डाव्या गुडघ्यात गेले. वाटी फुटली. भाऊ ओरडला नाही, तो बसला, आणि बसल्याबरोबर पाय नको त्या बाजूला वळला. चड्डीखालून रक्त पोटरीवर, मोज्यात, बेसच्या गोणपाटावर.

पोरगा त्याच्यावरून उठला आणि लंगडत होमला गेला. पाय लावला. मग आमची पोरं बॅटी घेऊन बाकावरून निघाली.

पहिली बॅट त्याच्या खांद्यावर पडली. तो खाली गेला. मग किती पडल्या ते मला सांगता येणार नाही. कुणी पोटात लाथा घालत होतं, कुणी केस धरून डोकं मुरुमावर आपटत होतं. धुळ्याची माणसं दगड घेऊन आत आली. आमच्या कॅचरचा डोळा गेला तो त्या दगडानेच. मुख्य पंच कचेरीत पळाला आणि त्याने आतून कडी लावली.

आणि मी हात आडवा धरून उभा होतो. खेळ आपोआप थांबेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. पायाशी भाऊ बसलेला, समोर तो पोरगा मार खातोय, आणि मी उभा. किती वेळ, कोण जाणे. भावाने माझी पँट धरून ओढली तेव्हा मी भानावर आलो. तेवढ्यात आमच्याच एकाने, ज्याच्याबरोबर मी एका ताटात जेवलो होतो त्याने, माझ्या पसरलेल्या हातावरच बॅट घातली. "भावाले इकलं रे यानं," असं तो बाकीच्यांना सांगत होता. मग मलाही पाडलं. मी तोंड झाकलं नाही. त्यात मोठेपणा नव्हता. एक हात चालत नव्हता, दुसरा भावाच्या अंगाखाली होता.

पोलिसांनी लाठ्या चालवून मैदान मोकळं केलं.

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात आम्हा तिघांना एकाच खोलीत टाकलं. माझं मनगट, भावाचा गुडघा, आणि त्या पोरग्याचा गळ्याजवळचं हाड आणि जबडा. त्याचा जबडा तारेने बांधलेला, त्यामुळे तो बोलू शकत नव्हता. त्याची आई रोज यायची, मोसंब्याचा रस काढायची, त्याला नळीने पाजायची आणि उरलेला माझ्या भावाला द्यायची. भाऊ घ्यायचा. दोघे एकमेकांकडे बघत पडून राहायचे. मी भिंतीकडे तोंड करून झोपायचो.

भावाच्या गुडघ्याची वाटी काढून टाकली.

नाना आले ते टोपी हातात घेऊन. त्यांना आधीच कळलं होतं की पुतण्याने धुळ्याला रन दिला. त्यांनी मला काही विचारलं नाही. सर आले, त्यांनी मात्र सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. म्हणाले, सख्ख्या भावासारखा भाऊ समोर होता तरी याने नियम सोडला नाही. मुख्य पंचाने तसा अहवाल दिला. पुढच्या मोठ्या परीक्षेसाठी माझं नाव गेलं. हळूहळू गावातली माणसंसुद्धा म्हणायला लागली, पोरगा न्यायाचा आहे. ज्याने माझ्या हातावर बॅट घातली त्याने येऊन माफी मागितली. मी ती घेतली. आधीच्या दोन वेळांविषयी कुणी विचारलं नाही, आणि मी बोललो नाही.

प्लास्टर काढलं तेव्हा भावाचा पाय काठीसारखा सरळ होता. भरती पुढे ढकललेली होती, पावसाळ्यानंतर होणार होती. दवाखान्यातून सांगितलं होतं, गुडघा रोज वाकवा, दुखलं तरी वाकवा, नाहीतर तसाच राहील. ते काम मी मागून घेतलं.

रोज सकाळी ओसरीवर त्याला पालथा झोपवायचो. तो गमछ्याचा बोळा तोंडात धरायचा. मी त्याचा घोटा धरून पाय मागे दाबायचो, अंगाचा सगळा भार टाकून. गुडघ्यातून आतल्या आत फाटल्यासारखा आवाज यायचा. त्याची बोटं फरशीवर घासून नखांतून रक्त यायचं. मी थांबलो की तो गमछा काढून म्हणायचा, "अजून." काकू आत जाऊन दार लावून घ्यायच्या. पाय रोज थोडा जास्त वाकायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आखडलेला असायचा. एका सकाळी मी घाई केली. भरती जवळ आली होती. मी उडी मारून भार दिला आणि आत काहीतरी तटकन तुटलं. त्याने गमछा चावून आरपार केला. त्यानंतर गुडघा सुजला आणि निम्म्यावर वाकायचा तोही बंद झाला.

तरी तो भरतीला निघाला. नानांनी नको म्हटलं नाही. मी बरोबर गेलो.

धुळ्याच्या मैदानावर पहाटेपासून रांग होती. उंची, छाती, सगळ्यात तो उतरला. मापं घेणाऱ्या जमादाराने त्याची छाती मोजून दुसऱ्याला हाक मारून दाखवली. मी तारेच्या कुंपणाबाहेर उभा होतो. मग सगळ्यांना ओळीत उभं करून हुकूम झाला, बस. सगळी रांग उकिडवी बसली. तो उभाच राहिला. जमादाराने परत सांगितलं. भावाने दोन्ही हातांनी गुडघा धरून स्वतःला खाली खेचलं आणि कुशीवर पडला. जमादार वाईट माणूस नव्हता. त्याने हात देऊन उठवलं, पँट वर करून गुडघा पाहिला आणि त्याला फाटकाकडे बोट दाखवलं.

आम्ही एसटी स्टँडवर आलो. जळगावची गाडी लागलेली होती, चढायला गर्दी होती. तो बाकाच्या पाठीला टेकून उभा राहिला. मी त्याला चहा आणून दिला. त्याने तो घेतला, पण प्यायला नाही. म्हणाला, "भाऊ, एक सांग. त्या पोराले मी पयल्या बारीले पाडलं, तेव्हा तुले दिसलं व्हतं?"

मी म्हणालो, "दिसलं होतं."

"अन दुसऱ्या बारीले?"

"तेही."

"ते नेमात नही, हे तुले ठाऊक व्हतं?"

"परीक्षेपासून ठाऊक होतं."

त्याने कप दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, "तू गप व्हता, म्हनून मले वाटलं बरोबरच चाल्लंय. तू पयल्या बारीलेच हात केला असता तर मी सरकलो असतो रे. मले काय त्याची हौस व्हती का."

आणि त्याने मला मारलं. उघड्या तळहाताने, पूर्ण ताकदीने. माझं डोकं स्टँडच्या खांबावर आपटलं, कानात शिट्टी वाजायला लागली, तोंडात रक्ताची चव आली. चहा दोघांच्या अंगावर सांडला. माणसं वळून बघायला लागली, एक म्हातारा मधे पडायला उठला. धाकट्याने थोरल्यावर हात टाकलेला आमच्या घरात कुणी पाहिला नव्हता. मी दुसऱ्या फटक्याची वाट बघत उभा राहिलो. मला तो हवा होता.

तो आला नाही. कंडक्टर घंटी वाजवत होता. गाडीची पायरी उंच होती आणि त्याचा पाय वाकत नव्हता. त्याने आधी दांडी धरून स्वतःच चढून पाहिलं, जमलं नाही, मागची माणसं कुरकुरायला लागली. तेव्हा मागे न बघता त्याने हात मागे केला. मी त्याच्या कमरेत दोन्ही हात घालून त्याला उचललं आणि आत ठेवलं. त्याला बाकाच्या कडेची जागा मिळाली, पाय मधल्या वाटेत सरळ पसरून तो बसला. मी उभा राहिलो. एरंडोल येईपर्यंत येणारी-जाणारी माणसं त्याच्या पायाला अडखळत होती, आणि प्रत्येकाला मी सांगत होतो, जरा बाजूने जा, त्याचा पाय दुखावलेला आहे.